खिडकीच्या पोटातलं वजन

लंडनच्या जुन्या घरातली सॅशची खिडकी बाहेरून अगदी साधी दिसते. काचेच्या दोन चौकटी, एक वर आणि एक खाली, एकमेकींच्या पुढून-मागून सरकणाऱ्या. खालची वर ढकलायची, वरची खाली ओढायची, झालं. पण ही खिडकी ज्याच्या बळावर चालते ते सगळं नजरेआड असतं. दोन्ही बाजूंना भरीव लाकूड आहे असं वाटतं, प्रत्यक्षात त्या पोकळ पेट्या असतात. प्रत्येक पेटीत ओतीव लोखंडाच्या दोन लांब कांड्या दोरीला टांगलेल्या असतात. दोरी वरच्या कप्पीवरून बाहेर येते आणि सॅशच्या कडेला खिळलेली असते. सॅश वर गेली की कांडी खाली उतरते, सॅश खाली आली की कांडी वर चढते. पंधरा किलोची काच-लाकडाची सॅश एका हाताने उचलली जाते आणि जिथे सोडाल तिथे थांबते. स्प्रिंग नाही, खटका नाही, खाली लावायला ठोकळा नाही.

ह्या खिडक्या उघडून दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. आम्ही मूळचे कुडाळ तालुक्यातले, पिढीजात सुतार. बायकोला इथल्या सरकारी इस्पितळात नर्सची नोकरी लागली, तिच्यासोबत मी आलो. सुरुवातीला मिळेल ते केलं. कुणाची कपाटं जोडून दे, कुणाच्या लॅमिनेटच्या फरश्या टाक. मग आग्नेय लंडनमध्ये रेल्वेच्या कमानीखाली एक छोटं वर्कशॉप आहे, तिथे जुन्या खिडक्या दुरुस्त करणाऱ्या मालकाकडे लागलो. हातात पुन्हा पटाशी आली आणि जीव थाऱ्यावर आला.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पहिल्यांदा फोनवर ही कांड्यांची आणि कप्पीची भानगड सांगितली तेव्हा मला वाटलं होतं, कागदावर काढून दाखवावी लागेल. त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "म्हणजे आपली लाटच ती, दुसरां काय!" म्हणाले. आमच्या विहिरीवर पाणी काढायची लाट होती. आडव्या वाशाच्या एका टोकाला कोळंबं, दुसऱ्या टोकाला बांधलेला धोंडा. कोळंबं खाली सोडताना काय तो जोर लावायचा, भरलेलं वर येताना धोंडाच ओढून घेतो. तत्त्व एकच. फरक इतकाच, की लाटेचा धोंडा अंदाजाने बांधला तरी चालतं. खिडकीत अंदाज चालत नाही.

इथे काट्यावर वजन करावं लागतं. सॅश काच, काचेभोवतीची लांबी (पुट्टी), रंग सगळं धरून तोलायची. समजा ती १४ किलो भरली, तर दोन बाजूंच्या दोन कांड्या मिळून १४ किलो, म्हणजे प्रत्येकी ७. पण तंतोतंत ७ ठेवत नाहीत. वरच्या सॅशच्या कांड्या थोड्या जड ठेवतात, त्यामुळे ती सॅश सतत वर ओढली जाते आणि चौकटीच्या माथ्याला टेकून राहते. खालच्या सॅशच्या कांड्या थोड्या हलक्या ठेवतात, त्यामुळे ती आपल्या वजनाने खाली सिलवर, म्हणजे चौकटीच्या तळाच्या लाकडावर बसते. खिडकीच्या मध्यावर दोन्ही सॅशचे आडवे, म्हणजे आडवी लाकडं, एकमेकांसमोर येतात, त्यांच्या कडा तिरक्या तासलेल्या असतात. वरची वर आणि खालची खाली गेली की त्या तिरक्या कडा एकमेकींवर घट्ट बसतात, फट बुजते, आणि वरची खटकी बोटाने लागते. फरक थोडक्या वजनाचा, पण थंडीतलं वारं आत येणार की बाहेर राहणार हे त्यावर ठरतं. मला ह्या खिडकीचा लळा लागला तो हे गणित कळलं तेव्हा.

जुन्या काचेच्या जागी नवी घालायची तर हे गणित नव्याने मांडावं लागतं. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो धरायचं. अर्धा चौरस मीटरची, ३ मिलिमीटर जाडीची काच पावणेचार किलोची. तिथे घरमालकाने उबेसाठी दुहेरी काच मागितली, ३ अधिक ३, की वजन थेट दुप्पट. मग जुन्या कांड्या पुरत नाहीत आणि पेटीत त्याहून लांब कांडी बसत नाही, कारण ती खाली तळाला आणि वर कप्पीला लागायला नको. अशा वेळी शिसं वापरतात. शिसं त्याच आकारात ओतीव लोखंडाच्या साधारण दीडपट भरतं. दुहेरी काच घालून जुन्याच कांड्या ठेवलेली खिडकी मी पाहिली आहे. ती उघडी राहावी म्हणून खाली पुस्तकांची चवड लावली होती.

खिडकी उकलायची कशी हे सांगायला कॅम्बरवेलमधल्या एका घराची खिडकी घेतो. ऐंशी ओलांडलेल्या एक बाई, निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. पहिल्या मजल्यावरची झोपायच्या खोलीची खिडकी त्यांच्या यजमानांनी कधीकाळी रंगवली, तेव्हापासून ती उघडलेलीच नव्हती. उन्हाळ्यात खोली तापायची, आणि बाईंनी टेबलफॅनवर निभावून नेलं होतं. एका कंत्राटदाराने त्यांना पुरी खिडकी काढून प्लास्टिकची बसवा असं सांगितलं होतं. आम्हाला त्यांनी फक्त एकदा बघून जायला बोलावलं.

अशा खिडकीत लाकूड क्वचितच खराब असतं, रंगाने सगळं चिकटवून ठेवलेलं असतं. आधी पातळ पात्याने सॅश आणि पट्टी यांच्यामधली रंगाची रेघ कापत जायची. आतल्या बाजूने चौकटीला एक गोलसर कडेची पट्टी लावलेली असते, ती खालच्या सॅशला खोलीत पडू देत नाही. ही पट्टी काढताना टोकाकडून सुरुवात केली तर कोपऱ्यातला तिरका सांधा फुटतो. म्हणून रुंद पटाशी पट्टीच्या मधोमध घालायची आणि हळूच उचकायची. पट्टी मध्यावर धनुष्यासारखी वाकते आणि दोन्ही टोकं आपसूक सुटून येतात. मग खालची सॅश आत झुकवायची. दोरी अजून शाबूत असेल तर कापण्यापूर्वी ती हातात धरायची. कापलेली दोरी निसटली तर कांडी पेटीत आदळते आणि तळाची फळी फोडते. दोरीचं टोक धरून कांडी सावकाश खाली सोडायची.

पुढे मधली पट्टी. दोन सॅशच्या मध्ये असलेली ही बारीक पट्टी खोबणीत नुसती दाबून बसवलेली असते, तिच्यामुळे सॅश एकमेकींना घासत नाहीत. शंभर वर्षांच्या रंगाखाली ती इतकी घट्ट बसते की बहुतेक वेळा काढताना मोडते. मोडू दे. ती मोडायचीच पट्टी आहे, नवी दहा मिनिटांत तयार होते. ती निघाली की वरची सॅशही बाहेर येते.

आता दोन्ही बाजूंच्या उभ्या फळ्या उघड्या पडतात, ज्यांच्या वरच्या टोकाला कप्प्या बसवलेल्या आहेत. त्या फळीवर खालच्या बाजूला, नीट बघितलं तर, हातभर लांबीची एक चौकोनी रेघ दिसते. रंगाखाली बुजलेली असते, अंगठ्याने चाचपून शोधावी लागते. तिथला तुकडा फळीतूनच कापून परत तिथेच बसवलेला असतो. एका टोकाला तिरका काप, दुसऱ्या टोकाला खाच, फार तर एक स्क्रू. तो बाहेर काढला की पेटीच्या आत हात जातो आणि कांडी हाताला लागते. ह्याला पॉकेट म्हणतात.

कप्पीचं आणि वजनाचं कौतुक सगळे करतात. माझ्या मनात ह्या सगळ्या बांधणीतली सगळ्यात थोर गोष्ट हा तुकडा आहे. खिडकी बनवणाऱ्याला माहीत होतं की दोरी सुताची आहे, ती घासणार, कुजणार, एक दिवस तुटणार. तेव्हा जो कुणी येईल त्याने भिंत फोडू नये, चौकट उचकटू नये, म्हणून त्याने पहिल्याच दिवशी ही वाट ठेवली. सगळी खिडकी याच विचाराने बांधलेली आहे. प्रत्येक भाग दुसऱ्याला धरून ठेवतो, पण त्याला कायमचा जखडत नाही. ज्या क्रमाने जोडली त्याच्या उलट क्रमाने ती सुटत जाते, आणि झिजणारे भाग सगळ्यात आधी हाताशी येतात.

बाईंच्या खिडकीच्या पेटीत कोळशाची काळी धूळ होती, रंगाचे पोपडे होते आणि तळाशी रंध्यातून निघालेले लाकडाचे कुरळे पापुद्रे होते. ज्या दिवशी चौकट बनली त्या दिवसाचे. दोन्ही कांड्यांच्या मध्ये माथ्यापासून एक पातळ फळी लोंबत होती. दोन कांड्या वरखाली जाताना एकमेकींना अडकू नयेत म्हणून ती असते. ती घट्ट ठोकत नाहीत, वरच्या टोकाला नुसती अडकवतात, म्हणजे पॉकेटमधून मागची कांडी काढायची झाली तर तिला बाजूला सारता येतं. कारागीर तिला वॅगटेल म्हणतात, शेपटी हलवणारा धोबी पक्षी. कांड्यांवर ओतीव आकडे होते, पौंडातले. चारही कांड्या चांगल्या होत्या. सॅशही चांगल्या होत्या, खालच्या आडव्याचा एक कोपरा सोडला तर. बदलायचं होतं ते म्हणजे चार दोऱ्या, दोन पट्ट्या आणि तो कोपरा.

दोरी घालायची युक्ती मला आमच्या वर्कशॉपमधल्या सगळ्यात वयस्क कारागिराने शिकवली. नवी दोरी कप्पीवरून पेटीत सारायला गेलं तर ती आत वाकडी होते, खाली उतरत नाही. म्हणून एका बारीक सुतळीला शिशाचा वाकवलेला छोटा तुकडा बांधतात. त्याला इथे उंदीर म्हणतात. हा उंदीर कप्पीवरून आत सोडला की आपल्या वजनाने थेट पॉकेटपाशी येतो. त्याला ओढलं की मागून सुतळी येते, सुतळीमागून दोरी. दोरीला कांडी बांधायची आणि मग लांबी ठरवायची. दोरी लांब राहिली तर सॅश पुरती वर जाण्याआधी कांडी तळाला टेकते आणि सॅश अधांतरी लोंबते. आखूड झाली तर सॅश खाली बसायच्या आत कांडी कप्पीला अडते आणि खिडकी मिटतच नाही. सॅशच्या कडेच्या खोबणीत दोरी खिळतानासुद्धा खिळे खालच्या भागात मारायचे, वर मारले तर सॅश उघडताना ते कप्पीशी जाऊन अडतात. सुती दोरी नवी असताना ताणते, म्हणून ती आधी वजन लावून ताणून घेतलेली बरी.

वरची सॅश सुटी करून मी बाईंना ती खाली ओढून दाखवली. वरचीसुद्धा सरकते हे त्या घरात इतकी वर्षं राहून त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ह्यात नवल काही नाही, इथल्या अर्ध्या लोकांना ठाऊक नसतं. खोली गार करायची तर दोन्ही थोड्या-थोड्या उघडायच्या. तापलेली हवा वरच्या फटीतून निघून जाते, गार हवा खालून आत येते. प्लास्टिकची खिडकी बसवायला निघालेल्या त्या कंत्राटदाराने हे त्यांना सांगायला हवं होतं.

इंग्लंडमध्ये वजनावर तोललेली सॅश आली सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात. १६८९ पासून वास्तुकार ख्रिस्तोफर रेनने हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याचा नवा भाग बांधायला घेतला, त्याच्या लांबच लांब दर्शनी भिंती सॅशच्या खिडक्यांनी भरलेल्या आहेत. तिथून ही खिडकी सरदारांच्या वाड्यांत आणि मग साध्या घरांत उतरली. १६६६ च्या आगीत लंडनचं जुनं शहर जळालं होतं, त्यामुळे दर्शनी भागातल्या लाकडाची धास्ती होती. १७०९ च्या कायद्याने खिडकीची चौकट भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून चार इंच आत घ्यायला सांगितलं. १७७४ च्या कायद्याने ती पेटीच विटांच्या मागे दडवायला लावली. कायद्याची अंमलबजावणी सगळीकडे एकसारखी झाली नाही, तरी चालता चालता घराचं वय ओळखायला ह्याचा फार उपयोग होतो. वेस्टमिन्स्टरला क्वीन ॲन्स गेटवरच्या १७०४ च्या सुमाराच्या घरांत चौकटी भिंतीच्या अगदी तोंडाशी आहेत, रुंद आणि पांढऱ्या. १७७५ नंतर बांधलेल्या बेडफर्ड स्क्वेअरमध्ये विटांच्या कडेतून लाकडाची नुसती धार डोकावते. रविवारी बायकोची सुट्टी जुळली की आम्ही असे रस्ते बघत फिरतो. तिला खिडक्यांत रस नाही, पण आता तिलाही बाहेरून पेटी दिसते का हे कळतं.

खिडक्यांवर इथे करसुद्धा होता, १६९६ पासून १८५१ पर्यंत. जास्त खिडक्या तर जास्त कर, म्हणून लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. काचेवरचा कर वेगळा, तो वजनावर असायचा, १८४५ मध्ये उठला. तो उठला आणि सुधारित पद्धतीने मोठी काच स्वस्तात बनू लागली, ह्याचा थेट परिणाम सुतारकामावर झाला. तोवर सॅशमध्ये सहा-सहा लहान तावदानं असत आणि त्यांना धरणाऱ्या लाकडाच्या बारीक पट्ट्यांची जाळी सॅशला ताठ ठेवी. आता दोन मोठ्या काचा किंवा एकच काच. जाळी गेली आणि काच जड झाली. सगळा ताण आला तो कोपऱ्यांतल्या सांध्यांवर, त्यातही मधल्या आडव्याच्या सांध्यावर. तो आडवा अरुंद असतो आणि उभ्याच्या, म्हणजे सॅशच्या कडेच्या उभ्या लाकडाच्या, अगदी टोकाला जोडलेला. टोकाशी भोक पाडलं तर भोकाच्या पलीकडे लाकूडच उरत नाही, फुटून निघतं. तेव्हा सुतारांनी उभ्याचं लाकूड सांध्याच्या पुढे दोन-तीन इंच तसंच वाढवून ठेवलं. भोकाला चारी बाजूंनी लाकूड मिळालं. हा पुढे आलेला तुकडा लोंबता ओबडधोबड दिसू नये म्हणून त्याला वळणदार आकार दिला. ह्यांना शिंगं म्हणतात. आज कुणी खोट्या जुनेपणासाठी प्लास्टिकच्या खिडकीला तसलीच शिंगं वरून चिकटवतात आणि बघणाऱ्याला ती नक्षी वाटते. ती नक्षी नव्हती, तो सांध्याचा आधार होता.

अशाच व्हिक्टोरियन काळातल्या घरांच्या ओळीत, प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवर, १० क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते घर विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा मला तिथे न्यायला सांगतो. लोक आत जातात, पुस्तकं, फोटो बघतात, डोळ्यांत पाणी आणतात. मीही आणतो. बाहेर आल्यावर मात्र मी पाहुण्यांना त्या ओळीतल्या घरांच्या खिडक्या मान वर करून बघायला लावतो.

लाकडाबद्दल लिहायलाच हवं. ह्या जुन्या सॅश बहुतेक पाइनच्या. आमच्याकडे सागवान, फणस, आईन हाताळलेल्या माणसाला पाइन म्हणजे खोक्याचं लाकूड, असंच मला वाटायचं. पण जुन्या सॅशचं पाइन बाल्टिक समुद्राकाठच्या थंड जंगलांतून यायचं. तिथे झाड सावकाश वाढतं, त्यामुळे वलयं दाट, अंगात राळ भरलेली. दीडशे वर्षांच्या सॅशवर रंधा मारला तर आजही राळेचा वास येतो. आज दुकानात मिळणारं झटपट वाढलेलं पाइन तसं नाही, त्याची वलयं मोजायला भिंग लागत नाही. म्हणून शक्य तेवढं जुनं लाकूड ठेवायचं, हा आमच्या वर्कशॉपचा नेम आहे. सिल मात्र पुष्कळदा ओकचं असतं, कारण पाणी त्याच्यावर सगळ्यात जास्त पडतं. त्याला बाहेरच्या बाजूला उतार असतो, आणि खालच्या अंगाला एक बारीक खोबण मारलेली असते. पाणी त्या खोबणीशी तुटून खाली पडतं, मागे भिंतीकडे ओघळत नाही.

जुन्या कारागिरांच्या हाताचं मोठेपण बघायचं तर त्या जाळीच्या पट्ट्या बघाव्यात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्या दीड इंच जाड असायच्या. शतकाच्या शेवटी अर्ध्या इंचावर आल्या. अर्ध्या इंचाच्या त्या पट्टीत दोन्ही बाजूंना काच बसायची खाच, आतल्या अंगाला वळणदार कोर, आणि उभी-आडवी पट्टी जिथे एकमेकींना छेदतात तिथे दोन्ही कोरी एकमेकींत अशा मिसळलेल्या की सांधा शोधूनही सापडत नाही. हे सगळं हाताच्या रंध्याने आणि पटाशीने. अशी एक मोडकी पट्टी बदलायला मला अख्खा दिवस लागतो, आणि माझ्याकडे खाचा मारायचं राउटर यंत्र आहे.

सडतं ते नेहमी एकाच ठिकाणी, खालच्या सॅशचा खालचा आडवा आणि त्याच्या कोपऱ्याचे सांधे. काचेभोवतीची लांबी वाळून तडकते, पाणी आत शिरतं, आणि वरून दिलेला जाड आधुनिक रंग ते बाहेर पडू देत नाही. पटाशीचं टोक टोचलं की खाऱ्या बिस्किटासारखं भुसभुशीत लागतं. तेवढा भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापायचा आणि जुळत्या रेषांचं लाकूड तिरक्या सांध्याने जोडायचं. सांध्याचा तिरकेपणा बाहेरच्या बाजूला उतरता ठेवायचा, म्हणजे कधी सरसाने दगा दिलाच तर पाणी सांध्यात न शिरता बाहेर घरंगळेल. अण्णा गावात देवळाच्या दाराला असंच ठिगळ लावत. त्यांचं म्हणणं, ठिगळ लपवायचा हट्ट नको, पाणी लपून बसणार नाही एवढं बघ. मी ते इथे तंतोतंत पाळतो.

रंग खरवडताना मात्र सावध राहावं लागतं. जुन्या रंगात शिसं असतं. कोरडा पॉलिशपेपर घासला तर ती भुकटी श्वासात जाते, आणि घरात लहान मूल असेल तर त्याच्या हातातोंडाला लागते. आम्ही आधी चाचणी करतो, मास्क लावतो, ओलं करून खरवडतो आणि कचरा बांधून वेगळा देतो. गावाकडे जुन्या इमारतींचे दरवाजे घासणाऱ्या पोरांच्या तोंडाला मी नुसता रुमाल बांधलेला पाहिला आहे. तिकडच्या प्रत्येक सुताराला आणि रंगाऱ्याला हे ओरडून सांगावंसं वाटतं.

काच बसवायची लांबी अजूनही खडूची भुकटी आणि जवसाचं तेल एकत्र मळूनच होते. हातात गोळा घेऊन मळत राहायचं, उबेने तो मऊ होतो. खाचेत आधी पातळ थर, त्यावर काच हलकेच दाबायची, मग बिनडोक्याच्या बारीक चुका तिरक्या ठोकून काच धरायची, आणि वरून लांबीचा उतार चाकूने एका ओढीत काढायचा. आतून बघितलं तर लांबी काचेवर दिसता कामा नये. जुनी काच मी जीव मुठीत धरून काढतो. पूर्वी तप्त काचेचा फुगवलेला गोळा सळईवर फिरवून फिरवून मोठी तबकडी करत आणि त्यातून तावदानं कापत. त्या काचेत बारीक लाटा असतात, समोरच्या घराच्या सरळ विटा तिच्यातून किंचित हलतात. ती फुटली की तशी पुन्हा मिळत नाही. जुन्या खिडकीतून निघालेला धड तुकडा आम्ही कागदात गुंडाळून फडताळात ठेवतो, कधी ना कधी कुणाच्या तावदानाला लागतो.

आणि तरीही दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या घरासमोर कचऱ्याच्या लोखंडी हौदात अख्ख्या सॅश टाकलेल्या दिसतात. काचा फुटलेल्या, कांड्या भंगारवाल्याने नेलेल्या. त्यांच्या जागी आलेल्या बंद दुहेरी काचेच्या कडेचं सील वीस-पंचवीस वर्षांत जातं, दोन काचांमध्ये वाफ धरते, आणि ती आत हात घालून पुसता येत नाही. प्लास्टिकच्या चौकटीत पॉकेट नसतं. लोकांना गार वारं नको असतं, त्यात त्यांची चूक काही नाही, इथला हिवाळा मीही काढतो. पण जुन्या सॅशच्या पट्ट्यांत खोबण मारून ब्रशच्या बारीक झालरी बसवल्या की वारं बंद होतं, खडखड बंद होते. घराला जुनी लाकडी शटर असतील आणि ती नीट मिटत असतील, तर रात्री खिडकीतून जाणारी साधारण निम्मी ऊब ती एकटी वाचवतात. शंभर-दीडशे वर्षं टिकलेलं, दुरुस्त होणारं काम फेकून न दुरुस्त होणारं आणायचं, हे मला पोटातून दुखतं.

ब्रिटनमध्ये आता आपली बरीच मराठी मंडळी जुनी घरं घेतात किंवा भाड्याने राहतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी. घर वारसा यादीत असेल तर खिडकी बदलायला परवानगी लागते, तेव्हा कंत्राटदाराच्या आधी कौन्सिलला विचारा. खिडकी उघडत नसेल तर जोर लावू नका, आतून-बाहेरून रंगाची रेघ पातळ पात्याने कापून बघा, निम्म्या तेवढ्यानेच सुटतात. दोरी एका बाजूची तुटली असेल तर चारही बदलून घ्या, कारण सगळ्या एकाच वयाच्या असतात. रंगाऱ्याला बजावून सांगा की दोरीला आणि कप्पीला रंगाचा ब्रश लागू देऊ नको, रंगलेली दोरी कडक होऊन तुटते. पॉकेटच्या रेघेतला रंग कापून मोकळा करायला लावा. आणि नाइलाजाने खिडकी बदलायचीच ठरली, तर कांड्या भंगारात देऊ नका. त्यांच्यावरचे आकडे बघून आमच्यासारखं कुठलंही वर्कशॉप त्या आनंदाने घेऊन जाईल. साडेसहा किलोच्या जोडीसाठी मी परवाच तीन ठिकाणी फोन केले.